सोळाशे एकोणसाठचा जानेवारी

— नाही, नाही, पान बरोबर उघडलंत तुम्ही, एकेचाळीसच, आणि वाचलंतही बरोबर. ‘होपस्टिल, मेहिटेबलचा मुलगा, जाइल्स हार्कवेलचा नव्हे, याचा वंश पुढे दिलेला नाही.’ तसंच छापलंय. मीच लिहिलंय. म्हणजे मजकूर माझा — टाइप मात्र मी नाही केलं, ते अर्डिसनं केलं, आणि अर्डिस मंगळवारी गेली. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, खिडकीजवळची घ्या. तुमच्या मिसेस गाडीतच बसल्यात का? आत बोलवा की. — बरं, वाचतायत तर वाचू द्या. ऑरेगॉनहून इतक्या लांब यायचं, तेही पूर्वजाच्या गावी, आणि पहिल्याच पुस्तकात हे वाचायचं, तर तोंड उतरणारच माणसाचं. उतरलंय तुमचं, नाही काय म्हणता. तेवीस वर्षं झाली मला या खोलीत. लोक येतात, वंशावळी काढून बसतात, कुणाचं तोंड कुठल्या पानाला उतरतं ते मला इथून नुसतं बघून कळतं. एकेचाळीसला उतरलेली मी पुष्कळ बघितलीत.

मंगळवारी सकाळी मी फ्रिजमधला बर्फ काढत होते. जुना फ्रिज आहे, वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढावं लागतं — लोणी, दूध, उरलेलं चिकन, सगळं टेबलावर मांडलेलं, खाली टॉवेल, हातात लाकडी उलथणं. फोन वाजला. हात ओले, म्हटलं वाजू दे. बंद झाला. परत वाजला. नोरीन होती, अर्डिसची मुलगी. म्हणाली, “ओडीमावशी, आई गेली.” आणि मी काय म्हणाले माहितेय? मी म्हटलं, “कुठे?” — म्हणजे बाजारात गेली का, असं. ती पोरगी म्हणाली, शाळेला निघाली होती, एक बूट घातला होता, दुसरा हातातच होता. अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती ना, एकतीस वर्षं. या गावातलं चाळिशीच्या आतलं कुणीही माणूस पकडा, त्यानं अर्डिसच्या हातचे बीन्स खाल्लेत. मी म्हटलं, येतेच. फोन ठेवला, आणि गेले नाही. आधी तो बर्फ पूर्ण काढला. कप्पे पुसले. लोणी परत जागेवर ठेवलं. मग कोट घातला. का ते मला विचारू नका.

तर ही अर्डिस. अर्डिस प्राउटी, नवऱ्याचं नाव प्राउटी, पण आईकडून हार्कवेल. तुमच्यासारखीच — होपस्टिलकडून. हो, म्हणजे तुमची ती काही तरी लागायचीच. तुमच्या कागदावर बघू — होपस्टिल, मग त्याचा बेंजामिन, बेंजामिनचे दोन मुलगे, त्यातला धाकटा पश्चिमेकडे गेला तो तुमचा. थोरला इथेच राहिला, तो अर्डिसचा. बघा, अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत तुमचं एकच घर. कपाळही तसंच आहे तुमचं, रुंद. उगाच नाही बोलत मी.

मी? मी कसली हार्कवेल! दारावर ‘मिसेस ओ. फ्राय’ अशी पाटी आहे, तो ‘ओ’ म्हणजे ऑलिव्ह असेल असं लोक धरून चालतात, आणि मी चालू देते. ओडिल. ओडिल गान्यों. नदीपलीकडे, गिरणीच्या खोल्यांमध्ये जन्मले, बाप क्वेबेकहून आलेला, आई मरेपर्यंत दुकानात बोट दाखवून सामान घ्यायची, कारण इंग्रजी येत नव्हतं. पहिलीत गेले तेव्हा मला दोनच इंग्रजी वाक्यं येत होती आणि त्यातलं एक चारचौघांत म्हणायचं नव्हतं. पोरं मला बेडूक म्हणायची. आम्हां सगळ्या फ्रेंचांनाच म्हणायची. तर ही एवढीशी अर्डिस, माझ्या खांद्यालाही लागत नव्हती, मैदानात उभी राहून ओरडली, “तिला बेडूक म्हणेल त्याला मी डबक्यात बसवीन!” आणि बसवलंन् एकाला. तोच पोरगा पुढे आमचा पोस्टमास्तर झाला, जन्मभर मला मान वाकवून नमस्कार करायचा. — हसा, हसा. अर्डिसही हसायची ते सांगताना.

हे सांगायचं कारण असं — आमच्याकडे पाचवीची मुलं दर ऑक्टोबरला जाइल्सच्या, म्हणजे हार्कवेलांच्या मूळ पुरुषाच्या, आगमनाचं नाटक करतात. अजून करतात. प्लायवूडचं जहाज, पुठ्ठ्याचा खडक. जहाजातून पहिलं पाऊल टाकणारी बाई हार्कवेलांच्याच घरची मुलगी हवी, असा रिवाज. आमच्या वर्षी ती अर्डिस होती. घरी छताला डांबरी कागद, बाप कधी कामावर कधी नाही, अंगातला झगा शेजारणीचा — पण हार्कवेल. तिची आई हेस्टर म्हणायचीही ते असं, ‘आम्ही हार्कवेल’, जसं आपण म्हणतो बाहेर पाऊस आहे. त्यात तोरा नसायचा. तोरा असता तर मला सोपं गेलं असतं. आणि मी त्या नाटकात काय होते, तर समुद्र. आम्ही चौघीजणी निळ्या चादरीची चार टोकं धरून हलवायचो, तो समुद्र. सगळ्या गान्यों, थेरियो, बूशे. अर्डिस जहाजातून उतरली आणि त्या चादरीवरून चालत गेली, आणि जाताना मला डोळा मारलान्. मी चादर हलवत राहिले. चांगलं काम केलं म्हणून बाईंनी मला सफरचंद दिलं.

असो. कुठे होते मी? पुस्तक. तर एकाहत्तर साली हार्कवेल वंशज मंडळानं ठरवलं की छापील वंशावळ हवी. हे मंडळ म्हणजे — तुम्ही ऑगस्टात आला असता तर बघितलं असतं — पाच-सहाशे माणसं जमतात, एल्मच्या झाडाखाली टेबलं, चिकन, मका, आणि ज्याचं नातं सिद्ध झालंय त्याच्या छातीला निळी फीत. अध्यक्ष तेव्हा कर्नल ब्रॅडिश, थोरल्या शाखेचे. त्यांनी मला बोलावलं. मी शाळेत गणित शिकवत होते, अक्षर चांगलं, आणि कर्नल म्हणाले, “तुम्ही आमच्यातल्या नाही, मिसेस फ्राय, हीच तुमची मोठी पात्रता. तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही.” मला काय वाटलं असेल? नदीपलीकडची मुलगी, आणि हे लोक त्यांचे आजे-पणजे माझ्या हातात देतायत. मी त्या दिवशी घरी चालत गेले, गाडी इथेच विसरले.

दोन वर्षं काम केलं. नगरपालिकेच्या तळघरात गावच्या पहिल्या कारकुनाची वही आहे, चामड्याची, वाळलेल्या पानांसारखा वास तिला, त्यात जन्म, लग्न, मृत्यू, हरवलेलं डुक्कर, सगळं एकाखाली एक. तोवर ती कुणी नीट वाचलीच नव्हती, सगळे ऐकीव गोष्टींवर चाललेले. मी वाचली. जाइल्सची दुसरी बायको मेहिटेबल — लग्न, चौदा एप्रिल सोळाशे एकोणसाठ. आणि होपस्टिलचा जन्म, बावीस जानेवारी सोळाशे एकोणसाठ. आता सांगा. जानेवारीत मूल, एप्रिलात लग्न. तुम्ही काय म्हणाल? — तेच. तेच मी म्हटलं. बाई मूल कडेवर घेऊन आली, बाप कोण ते माहीत नाही, जाइल्सनं मोठ्या मनानं नाव दिलं. म्हणजे होपस्टिलच्या अंगात हार्कवेलांचं रक्त नाही. त्याच्या वंशातही नाही. कर्नलना दाखवलं तर ते खूश — दुःख झाल्याचं तोंड केलं, पण खूश. होपस्टिलचे लोक म्हणजे गिरणीत, शेतात, दुसऱ्यांच्या घरी राबणारे. ऑगस्टात टेबलाशी त्यांची पोरं दोनदा चिकन घ्यायची. मंडळानं हात वर करून ठराव केला.

अर्डिस दर गुरुवारी शाळेतून परस्पर इथे यायची, टाइप करायला. कांद्याचा वास यायचा तिच्या हातांना. फुकट करायची — मी मागे लागले म्हणून, आणि तिलाही मजा यायची, कुणाला अकरा पोरं, कुणी वीज पडून मेलं, ती वाचायची मोठ्यानं आणि हसायची, “ओड, हा बघ, तीन बायका केल्यान् आणि तिघींचं नाव पेशन्स!” एकेचाळीसावं पान मी तिच्यापुढे ठेवलं. आधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण — ती टाइप करायला बसली होती, आणि कागद पुढे ठेवायची पद्धतच होती. तिनं सुरुवात केली. मग यंत्र थांबलं. मी या कपाटाशी पाठमोरी होते. ती म्हणाली, “ओड, हे नक्की ना?” आणि मी म्हटलं — पाठच, वळले नाही — “आकडे आहेत, अर्डिस. आकड्यांना कुणाची आई कोण ते ठाऊक नसतं.” छान वाक्य आहे, नाही? मला तेव्हा फार छान वाटलं होतं. ती म्हणाली, “नाही, मी विचारलं फक्त.” आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. बघा ते पान. तीनशे पानांत कुठे कुठे खाडाखोड आहे, मुद्रकालासुद्धा दिसली होती. त्या पानावर एकही चूक नाही. टायपिंगची म्हणते मी.

पुस्तक आलं त्या उन्हाळ्यात हेस्टर इथे आली. अर्डिसची आई. पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्या खाली थांबून दम घेतलान् आणि चढली. पाकिटातून निळी फीत काढून माझ्या टेबलावर ठेवली. इस्त्री केलेली. म्हणाली, “जे आपलं नाही ते घरात कशाला.” मी म्हटलं, मिसेस स्टोव्हर, ठेवा हो, आठवण म्हणून. म्हणाली, “कशाची?” तसं रागानं नाही. खरंच विचारत होती. ती फीत मी — ते जाऊ दे. हेस्टर अठ्ठ्याहत्तर साली गेली. तिची आई, आजी, सगळ्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत आहेत, इथून मनोरा दिसतो ना, त्याच्या मागे. पण ती जागा मंडळाची, आणि पुस्तकानंतर नियम झाला, ज्याचं नाव पुस्तकात त्यालाच टेकडी. हेस्टरला हमरस्त्याच्या कडेच्या नव्या दफनभूमीत ठेवली. ट्रक जातात तिथून. त्या दिवशीही जात होते, पाद्रीबुवांचं अर्धं ऐकू आलं नाही.

मग एकोणऐंशी साली मला एक पत्र आलं. कनेक्टिकटमधले कुणी निवृत्त गृहस्थ. फार सभ्य पत्र. पहिली दोन वाक्यं पुस्तकाच्या कौतुकाची. आणि मग: ‘मॅडम, एकेचाळीसाव्या पानावर आपण बहुधा विसरलात की त्या काळी आपल्या वसाहतींत नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं.’ — कळलं का तुम्हाला? नाही? थांबा, बोटांवर दाखवते. तेव्हा वर्ष जानेवारीला सुरू व्हायचं नाही. मार्चच्या पंचविसाला सुरू व्हायचं. म्हणजे सोळाशे एकोणसाठ साल मार्चअखेरीस लागलं — एप्रिल आला, लग्न झालं. मग उन्हाळा, मग पानगळ, डिसेंबर, आणि मग जानेवारी — तोही सोळाशे एकोणसाठच, कारण साल अजून बदललेलंच नाही. तो जानेवारी एप्रिलच्या आधीचा नव्हे, नंतरचा. एप्रिल चौदा ते जानेवारी बावीस. मोजा. — नऊ महिने आणि आठ दिवस. तशी बाई लग्नानंतर इतक्या नीटनेटक्या हिशेबानं बाळंत झालेली त्या वहीत दुसरी नाही. होपस्टिल जाइल्सचाच. तुम्ही जाइल्सचेच. अर्डिस जाइल्सचीच. हेस्टरही.

हो. कळलं तर दुरुस्ती का नाही केली. बरोबर आहे तुमचं विचारणं, मीही तेच विचारलं असतं. एक पान छापायचं होतं, ‘चूक-दुरुस्ती’, पुस्तकात सरकवायचं. पण हेस्टर तर गेलेली, एकच वर्ष झालं होतं. म्हटलं, आता दुरुस्ती म्हणजे तिच्या थडग्यावर जाऊन सॉरी म्हणणं. पत्र वर्षभर आधी आलं असतं तर — नाही. आधी आलं असतं तरी नसतं केलं मी. तुम्ही परके आहात म्हणून सांगते. मंडळानं मला चांदीचं ताट दिलं होतं. बॉस्टनहून लोक मला विचारायला यायचे. आणि गणिताची बाई, हो, गणिताची बाई! त्या गृहस्थांना मी उत्तर पाठवलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ घेतली होतीच की. पत्र फाडलं नाही काही मी.

अजून पुढे ऐका. चौऱ्याऐंशीत मी इथे नवशिक्यांचा वर्ग सुरू केला, ‘आपले पूर्वज कसे शोधावेत’. दर मंगळवारी, दहा-बारा माणसं. आणि पहिल्याच दिवशी मी फळ्यावर काय लिहायचे? पंचवीस मार्च. सगळ्यात आधी हे ध्यानात ठेवा, म्हणायचे, नाही तर तुम्ही सभ्य बायकांची अब्रू घ्याल. लोक हसायचे. उदाहरण मी दुसऱ्याच घराण्याचं द्यायचे. एका मंगळवारी अर्डिस डोनट्स घेऊन आली, वर्गासाठी, तिला सवयच ती, कुठे चार माणसं जमली की तळण घेऊन यायची. दाराशी ट्रे धरून उभी राहिली, ऐकत. आणि मग सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, वर्गातल्या मुलीसारखं, “म्हणजे ओड, जानेवारीतलं मूल एप्रिलच्या नंतरचं?” मी म्हटलं, “हो. बरोबर.” तिनं मान हलवली. दोनदा. आणि डोनट्स वाटायला लागली. प्रत्येकाच्या पुढे ट्रे धरला, दालचिनीचे कुठले, साधे कुठले ते सांगितलं. माझ्यापुढेही धरला. मी घेतला. खाल्ला.

त्या संध्याकाळी मी तिला गाडीतून घरी सोडलं. पुलावर ती म्हणाली, “आईला जाऊन सहा वर्षं झाली या महिन्यात.” बस. म्हणजे दार उघडून धरलंन् माझ्यासाठी. मी नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, या पुलाचं काम कधी करणार आहेत कुणास ठाऊक, चाकं खड्ड्यांनी जातील. ती म्हणाली, “जातील खरं.” दहा वर्षं झाली त्याला. दर आठवड्याला भेटायचो आम्ही. माझा नवरा गेला तेव्हा तीन आठवडे रोज रात्रीचं जेवण डब्यात आणून ओट्यावर ठेवून जायची, बेलसुद्धा वाजवायची नाही. तो विषय तिनं परत काढला नाही. मी तर नाहीच नाही.

काल मी नोरीनकडे गेले. कपडे निवडत होती, कुठला झगा घालायचा आईला. उद्या दहा वाजता आहे सगळं. पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “ओडीमावशी, एक विचारू? आईला पणजीजवळ, टेकडीवर — नाही ना होणार? पुस्तकात नाही म्हणून विचारते. आई कधी बोलली नाही, पण रविवारी फिरायला तिथेच जायची.” मला हे माहीत नव्हतं. मी इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि रविवारी ती कुठे फिरायला जाते ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “बघते.” बघते! बघायचं काय आहे त्यात? मंडळाच्या आताच्या अध्यक्षबाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. मंडळाच्या कागदावर एक ओळ, खाली माझी सही, आणि एलवुडला फोन. एलवुड म्हणजे खणणारा. टेकडीवर यंत्र चढत नाही, हातानं खणावं लागतं, म्हणून त्याला आदल्या दिवशी कळायला हवं. काल संध्याकाळी केला मी त्याला फोन. विचारलं, टेकडीवर एका माणसाला किती वेळ लागतो रे? म्हणाला, “कुणाला?” मी म्हटलं, “सहज विचारलं.” म्हणाला, “मिसेस फ्राय, सत्तावीस वर्षं खणतोय, सहज कुणी विचारलेलं नाही मला.” मग म्हणाला, “उद्या चारपर्यंत सांगा. उजेडात निम्मं खणून ठेवीन, निम्मं पहाटे. तोवर कळलं नाही तर मी घरी जातो, आणि घरी मी फोन घेत नाही, बायको घेऊ देत नाही.”

आत्ता? साडेतीन होऊन गेले. वेळ आहे अजून. तुमचं आधी करू या. नाही, नाही, त्रास कसला. हा मंडळाचा कागद, हे बघा वर जहाज छापलंय. ‘दाखला देण्यात येतो की श्री. वॉरन डॅगेट, राहणार ऑरेगॉन, हे जाइल्स हार्कवेल यांचे, पुत्र होपस्टिल यांच्याकडून, थेट वंशज आहेत.’ तारीख. सही. घ्या. झालं. शाई ओली आहे, जरा थांबा. बघा, किती वेळ लागला? दोन मिनिटंही नाही. आता ऑगस्टात या, फीत मिळेल. मिसेसना दाखवा. चांगले आनंदी दिसताय तुम्ही, मघाशी किती —

काय म्हणालात?

नाही, कळला प्रश्न. वहीतल्या नोंदी क्रमानं होत्या का. हुशार आहात तुम्ही. तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, कनेक्टिकटच्या त्या गृहस्थांनीही नाही. हो. क्रमानं होत्या. जसं घडेल तसं लिहायचा तो कारकून. एप्रिलचं लग्न एका पानावर. मग जून, मग सुगी, कुणाचं तरी डुक्कर, डिसेंबर. मग चार पानांनंतर जानेवारी, होपस्टिल. त्याच्याखाली फेब्रुवारीत एक मृत्यू. आणि त्याच्याखाली रेघ मारून मोठ्या अक्षरात, मार्च पंचवीस, सोळाशे साठ. म्हणजे कुणाही शहाण्या माणसाला, पंचांग माहीत असो नसो, नुसती पानं उलटून —

उलटली होती. मी पानं उलटली होती. नाही तर होपस्टिल सापडला कसा असता मला? लग्न आधी सापडलं, होपस्टिल चार पानं पुढे. पुढे, मिस्टर डॅगेट, मागे नव्हे. मी ती रेघही पाहिली. बोट ठेवलं होतं तिच्यावर. आणि मग मी वही मिटली आणि वरच्या खोलीत येऊन दोन तारखा एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढल्या, जानेवारी वर, एप्रिल खाली. तशा लिहिल्या की किती सरळ दिसत होतं ते. विसरले नव्हते मी. आतापर्यंत मी स्वतःलाही चूकच म्हणत आले, चूक झाली, चूक झाली, अहो गणित शिकवायचे मी. मला फक्त बघायचं होतं — एकदाच — समुद्राची ती निळी चादर मी हातातून सोडली की अर्डिस कशावरून चालते. तिनं ते पान टाइप केलं आणि मला त्या रात्री शांत झोप लागली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगायचं नव्हतं. तुम्ही ते क्रमाचं विचारलंत.

नाही, तो फोन इकडे सरकवू नका. राहू द्या जागेवर. मला माहीत आहे एक ओळच लिहायची आहे, तुमच्यासाठी लिहिली ना मी आत्ता, दिसली मला. पण तुमच्यासाठी लिहिलेली ऑरेगॉनला जाते. तिच्यासाठी लिहायची तर उद्या दहा वाजता सगळं गाव टेकडीवर उभं असेल आणि प्रत्येक जण विचारेल, मग हेस्टर खाली का? आणि नोरीन. नोरीन मला ओडीमावशी म्हणते. तुम्हाला काय होतंय सांगायला, तुम्ही रात्री हॉटेलात असाल. — ओरडत नाहीये मी. माफ करा.

तुमच्या मिसेसनी हॉर्न वाजवला बघा. जा. दाखला घडी करू नका, सपाट न्या. पुस्तक राहू द्या टेबलावर, मी लावते. ही खोली चारला बंद होते, नियम आहे, आणि घड्याळ बघा, चार वाजून दहा मिनिटं झालीत. दार ओढून घ्या, कडी आपोआप बसते. हो, ऐकलं मी काय विचारलंत ते. नाही. एलवुडला मी परत फोन केला नाही.